विजेची गाडी की पेट्रोलची? घेण्याआधी मांडायचा हिशेब

नवी गाडी घ्यायची ठरली की हल्ली घरात दोन तट पडतात. एकाला विजेची हवी असते, दुसऱ्याला पेट्रोलची, आणि दोघांकडेही ऐकीव गोष्टींचा भरपूर साठा असतो. कुणाची गाडी वाटेत चार्जिंग संपून थांबली, तर कुणाचा महिन्याचा इंधनखर्च एकदम खाली आला. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, पण त्यांचा रस्ता, त्यांचं पार्किंग आणि त्यांच्या सवयी तुमच्या नाहीत.

मला कुणी सल्ला विचारला की मी आधी एकच विचारते: गाडी रात्री कुठे उभी राहणार? बहुतेकांना हा प्रश्न अनपेक्षित वाटतो. त्यांच्या मनात रेंज (एका चार्जिंगमध्ये गाडी किती लांब जाते ते) असते, बॅटरीचं आयुष्य असतं, किमतीतला फरक असतो. पण गाडीपाशी रात्रभर हक्काचा प्लग आहे की नाही, यावर खर्च आणि सोय या दोन्हींचा मोठा भाग ठरतो. प्लग असेल तर पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात. नसेल तर तीच गाडी, तीच बॅटरी आणि तोच मालक असूनही अनुभव पार वेगळा येतो.

खाली मी ज्या क्रमाने हिशेब मांडते तो क्रम देते. रुपये-पैसे मुद्दाम घातलेले नाहीत, कारण पेट्रोलचे आणि विजेचे भाव जागोजागी वेगळे असतात आणि बदलतही राहतात. भाव तुम्ही तुमचे घाला.

पायरी १: महिनाभर वही भरा

सध्याच्या गाडीत एक छोटी वही आणि पेन ठेवा. गाडी नसेल तर ज्या प्रवासासाठी ती घ्यायची आहे तो प्रवास लिहा. रोज रात्री चार नोंदी करायच्या: आज किती किलोमीटर झाले, त्यातले शहरातले किती आणि मोकळ्या रस्त्यावरचे किती, गाडी किती वाजता लावली, आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता काढली.

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. मी वही भरायला घेतली तेव्हा रोजचे ६० किलोमीटर तरी होत असतील अशी माझी खात्री होती. महिन्याची बेरीज निघाली १,१२० किलोमीटर, म्हणजे दिवसाला सरासरी ३७. शंभरच्या वर गेलेले दिवस फक्त तीन. आणि गाडी रात्री सलग दहा तासांपेक्षा कमी उभी राहिली असं महिन्यात दोनदाच घडलं. लांबचे प्रवास लक्षात राहतात, रोजचे विसरले जातात. म्हणून आपला अंदाज बहुतेक वेळा वरच्या बाजूला चुकतो.

वहीच्या शेवटच्या पानावर गेल्या वर्षातले लांबचे प्रवास आठवून लिहा: कुठे गेलात, एका दिवसात किती अंतर कापलं, गाडीत किती माणसं होती. हे पान सातव्या पायरीला लागेल.

पायरी २: रात्रीची जागा आणि प्लग

आता गाडी लावता त्या जागेवर जाऊन उभे राहा आणि जवळात जवळचा वीजपुरवठा कुठे आहे ते बघा. स्वतःचं आवार असेल तर प्रश्न नाही. इमारतीतली सामायिक जागा असेल, तर चार्जर बसवायची परवानगी, वेगळा मीटर किंवा सब-मीटर, आणि मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल न्यायचा मार्ग या तिन्ही गोष्टी बुकिंगच्या आधी लेखी मिळवा. तोंडी ‘बघू, होईल’ यावर गाडी घेऊन नंतर महिनोन्‌महिने बाहेरच्या चार्जरवर फेऱ्या मारणारे लोक मी पाहिले आहेत.

साध्या प्लगने किती चार्जिंग होतं याबद्दल गैरसमज फार आहेत. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १६ ॲम्पिअरच्या जाड पिनांच्या प्लगमधून गाडी साधारण २.३ ते ३ किलोवॉटने वीज घेते. आठ तासांत मीटरवर १८ ते २४ युनिट पडतात (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास). चार्जिंगमध्ये वाया जाणारी १०-१५ टक्के वीज सोडली तर बॅटरीत १६ ते २१ युनिट जातात. मध्यम आकाराच्या गाडीला १०० किलोमीटरला १५ युनिट लागतात असं धरलं, तर एका रात्रीत शंभर ते एकशेचाळीस किलोमीटरची भर पडते. रोजचं धावणं चाळीस-पन्नास असेल तर याहून मोठ्या चार्जरची गरजच नाही. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर त्याच आठ तासांत तीनशेच्या वर किलोमीटर भरून देतो. तो सोयीचा आहे, पण प्रत्येकाला आवश्यक नाही.

साधा प्लग वापरायचा तर मात्र एक काळजी घ्यावीच लागते. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात एका रात्री अकराच्या सुमारास मी पार्किंगमध्ये गेले तर जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. प्लगला हात लावला तर चटका बसला. चार्जिंग थांबवून मेन स्विच बंद केला. सकाळी इलेक्ट्रिशियनने सॉकेटचं झाकण उघडलं. फेजच्या तारेचा स्क्रू अर्धवटच आवळलेला होता, आणि तारेच्या टोकाचं आवरण तपकिरी होऊन कडक झालं होतं. तेच सॉकेट आम्ही कित्येक वर्षं व्हॅक्युम क्लीनरला वापरत होतो. तो पंधरा मिनिटं चालतो, त्यामुळे स्क्रू सैल असल्याचं कधी कळलंच नाही. गाडी मात्र सात-आठ तास सलग भार ओढते.

म्हणून गाडी येण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून एवढं करून घ्या: मीटरच्या जवळून फक्त गाडीसाठी वेगळी लाइन, तिला स्वतःचा, भार जास्त झाला की वीज तोडणारा एमसीबी आणि गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी, अर्थिंगची प्रत्यक्ष तपासणी, चांगल्या प्रतीचं औद्योगिक सॉकेट. ३२ ॲम्पिअरचा चार्जर बसवणार असाल तर केबल त्या भाराला आणि अंतराला पुरेशी जाड हवी, आणि घराचा मंजूर वीजभारही तपासायला हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही चार्ज करू नका. पहिल्या काही रात्री तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर हरकत नाही, पण हात ठेववत नसेल तर काहीतरी चुकलं आहे.

या पायरीला उत्तर ‘प्लग मिळणार नाही’ असं आलं, तर माझं मत स्पष्ट आहे. ऑफिसमध्ये रोज चार्जिंगची खात्रीची सोय असेल तर पुढे वाचा. तीही नसेल तर सध्या पेट्रोल किंवा हायब्रिड (इंजिन आणि मोटर दोन्ही असलेली) गाडी घ्या. आठवड्यातून दोनदा चार्जरपाशी तास-तासभर थांबणं सुरुवातीला जमतं, पण सहा महिन्यांनी त्याचा वैताग येतो.

पायरी ३: किलोमीटरमागे इंधनाचा खर्च

इथे एक भागाकार शिकून घ्या, तो कायम उपयोगी पडेल.

पेट्रोलच्या गाडीचं खरं ॲव्हरेज काढा. टाकी पंपाचं नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा, पुन्हा तसंच भरा. झालेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेलं पेट्रोल. कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा इथे चालणार नाही.

विजेच्या गाडीचं ॲव्हरेज काढताना लोक एक चूक करतात. पडद्यावर दिसणारा आकडा बॅटरीतून खर्च झालेल्या विजेचा असतो, पण तुम्ही पैसे भरता ते मीटरवर पडलेल्या युनिटचे. पडदा १०० किलोमीटरला १५ युनिट म्हणत असेल तर मीटरवर १७ च्या आसपास पडलेले असतात. म्हणजे भिंतीतून घेतलेल्या एका युनिटमागे जवळपास ६ किलोमीटर.

आता उदाहरण घेऊ. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, विजेची युनिटला ६. पंधराला सहाने भागलं की अडीच येतात. हा तुमचा उंबरठा. पेट्रोलच्या एका लिटरचा भाव विजेच्या एका युनिटच्या अडीचपटीपेक्षा जास्त असेल तर विजेवर चालवणं स्वस्त. कमी असेल तर पेट्रोल स्वस्त.

समजा एका लिटरच्या पैशांत तुमच्या घरच्या विजेची १२ युनिट येतात. बाराला अडीचने भागा: पेट्रोलचा खर्च विजेच्या ४.८ पट. फरक मोठा आहे. आता समजा बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट घरच्या तिप्पट भावाने मिळतं. मग एका लिटरच्या पैशांत चारच युनिट येतात आणि फरक १.६ पटीवर उतरतो. चार्जरवरचा भाव घरच्या पाचपट असेल तर २.४ युनिट येतात, उंबरठ्याच्याही खाली. तिथे पेट्रोल स्वस्त पडतं! एकच गाडी, एकच रस्ता, आणि फक्त वीज कुठून घेतली यावर निकाल उलटा होतो. रात्रीच्या जागेबद्दल मी आधी विचारते ते यासाठीच.

बहुतेकांचं मिश्र प्रमाण असतं. ८० टक्के चार्जिंग घरी आणि २० टक्के बाहेर तिप्पट भावाने झालं तर सरासरी युनिट घरच्या भावाच्या १.४ पट पडतं. वरच्या उदाहरणात लिटरमागे मग साडेआठ युनिट येतात, आणि पेट्रोल जवळपास ३.४ पट महाग ठरतं.

घरच्या युनिटचा भाव धरताना बिलाची सरासरी धरू नका. वीजदर टप्प्याटप्प्याने चढत असेल तर गाडीची युनिटं सगळ्यात वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, म्हणून त्या टप्प्याचा दर लावा. उलट रात्रीचा दर कमी असेल, तर गाडीत चार्जिंगची वेळ लावून ठेवता येते आणि हिशेब आणखी तुमच्या बाजूला झुकतो. छतावर सौर पॅनेल असतील आणि गाडी दिवसा घरी असेल तर त्याहूनही चांगलं.

एवढा फरक येतो कुठून, तेही समजून घेण्यासारखं आहे. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट इतकी ऊर्जा असते. इंजिन रोजच्या वापरात त्यातली २० ते ३० टक्केच चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. विजेची मोटर बॅटरीतल्या ऊर्जेतली ८० टक्क्यांहून जास्त चाकांना देते, शिवाय वेग कमी करताना जनित्र होऊन थोडी परतही घेते. म्हणून सिग्नलवर थांबत थांबत जाणाऱ्या शहरी रस्त्यावर विजेची गाडी सगळ्यात काटकसरीने चालते. पेट्रोलचं उलटं आहे: गर्दीत तिचं ॲव्हरेज पडतं आणि मोकळ्या रस्त्यावर सुधारतं. वहीत शहर आणि मोकळा रस्ता वेगळे लिहायला सांगितले ते याचसाठी. धावण्यात शहराचा वाटा जितका मोठा, तितकी विजेची बाजू भक्कम.

पायरी ४: जादा किंमत कधी वसूल होते

विजेच्या गाडीची खरेदी किंमत बहुतेक ठिकाणी अजून जास्त असते. तुलना करताना सारख्या गाड्या घ्या. विजेच्या गाडीत गिअर बदलावे लागत नाहीत, म्हणून समोर पेट्रोलची ऑटोमॅटिक ठेवा, साधी मॅन्युअल नको. रस्त्यावर येईपर्यंतची पूर्ण किंमत धरा: कर, नोंदणी, विमा, आणि विजेच्या बाजूला चार्जर व वायरिंगचा खर्च. सरकारी सवलत मिळणार असेल तर ती खरेदीच्या तारखेला लागू आहे याची खात्री करूनच वजा करा. कर्ज काढणार असाल तर जादा रकमेवरचं व्याजही या फरकातच जातं.

आता हा फरक पेट्रोलच्या लिटरमध्ये बदला. म्हणजे किमतीतल्या फरकाला लिटरच्या भावाने भागा. समजा उत्तर आलं ४,००० लिटर. आधीच्या उदाहरणातली पेट्रोलची गाडी १,००० किलोमीटरला ६७ लिटर खाते. विजेची गाडी मिश्र चार्जिंगवर तेवढ्याच अंतराला साधारण २० लिटरच्या किमतीची वीज घेते. हजार किलोमीटरला ४७ लिटर वाचले. ४,००० भागिले ४७ म्हणजे ८५ हजार किलोमीटर. एवढं धावणं झालं की जादा किंमत वसूल झाली.

वर्षाला २५ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला हा टप्पा साडेतीन वर्षांत येतो. १५ हजारवाल्याला साडेपाच वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. ८ हजारवाल्याला दहा वर्षांहून जास्त, आणि तेवढा काळ तीच गाडी ठेवायचा विचार नसेल तर हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. कमी चालवणाऱ्याने ‘पेट्रोल वाचेल’ म्हणून विजेची गाडी घेऊ नये. शांतता, धूर नसणं, चालवायचा आनंद यांसाठी घेतली तर तो वेगळा निर्णय, आणि तो चुकीचा नाही. पण तो बचतीच्या नावाखाली घेऊ नये.

लिटरमध्ये हिशेब करण्याचा एक फायदा असा की पेट्रोलचा आणि विजेचा भाव एकत्र चढला-उतरला तर हजार किलोमीटरमागे वाचणारे लिटर फारसे हलत नाहीत. फक्त किमतीतल्या फरकाला नव्या भावाने पुन्हा भागावं लागतं.

पायरी ५: देखभाल

विजेच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाहीत, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही, सायलेन्सर नाही. सर्व्हिसिंगचं बिल त्यामुळे खरोखरच हलकं येतं. राहतं ते असं: केबिनचा एअर फिल्टर, ब्रेक फ्लुइड, बॅटरी थंड ठेवणारं कूलंट, सस्पेन्शन, वायपर, आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ही छोटी बॅटरी लोक विसरतात. मोठी बॅटरी भरलेली असली तरी छोटी गेली तर गाडीची दारं आणि पडदाच जागा होत नाही. तीन-चार वर्षांनी तिची तपासणी करून घ्या.

ब्रेक पॅड खूप टिकतात, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते. पण न वापरलेले ब्रेक गंजतात आणि अडकतात, विशेषतः दमट हवेत, त्यामुळे वर्षातून एकदा ते उघडून साफ करून घ्यावेत. टायरच्या बाबतीत मात्र विजेची गाडी महाग पडते. बॅटरीमुळे तिचं वजन त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा काही शे किलोंनी जास्त असतं, आणि पॅडल दाबताक्षणी मोटर पूर्ण जोर लावते. सिग्नल सुटल्यावर झेप घ्यायची सवय लागली तर टायर लवकर गुळगुळीत होतात. हवेचा दाब दर पंधरा दिवसांनी बघा. त्याने टायरही वाचतात आणि रेंजही.

अपघाताच्या दुरुस्तीबद्दल आधीच चौकशी करा. बॅटरी तळाशी असते, आणि तिच्या पेटीला मार बसला तर काम साध्या गॅरेजमध्ये होत नाही. तुमच्या जवळ अशी दुरुस्ती करणारं अधिकृत केंद्र आहे का, आणि विम्यात बॅटरी, चार्जर, चार्जिंग केबल स्पष्ट शब्दांत धरलेली आहेत का, हे पॉलिसी वाचूनच ठरवा.

पायरी ६: बॅटरी आणि पुनर्विक्री

‘बॅटरी गेली तर?’ ही सगळ्यात मोठी भीती, आणि ती समजण्यासारखी आहे, कारण गाडीतला सगळ्यात महागडा भाग तोच. पण गाडीची बॅटरी फोनच्या बॅटरीसारखी दोन-तीन वर्षांत मान टाकत नाही. तिला स्वतःची शीतकरण यंत्रणा असते, आणि ती पूर्ण रिकामी किंवा ठासून भरली जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना थोडी जागा राखलेली असते. क्षमता घटते ती हळूहळू, वर्षाला एक-दोन टक्क्यांच्या घरात. अनेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी देतात, आणि त्या काळात क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती किंवा बदल करून देतात. तुमच्या गाडीच्या वॉरंटीत हा टक्का लिहिलेला आहे का ते बघा. नुसतं ‘८ वर्षं’ लिहिलं असेल तर टक्का विचारा.

बॅटरीची जात विचारून घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी बॅटरी जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज सहन करते, आणि तिला अधूनमधून १०० टक्के भरावं अशी सूचनाच कंपन्या देतात, म्हणजे उरलेल्या चार्जचा अंदाज नीट राहतो. निकेल-मँगनीज-कोबाल्टची एनएमसी बॅटरी त्याच वजनात जास्त ऊर्जा साठवते, पण तिला रोज ८० टक्क्यांवर थांबवणं चांगलं. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री बिनधास्त १०० करा. दोन्हींना एकच गोष्ट सोसत नाही: पूर्ण भरलेली किंवा जवळपास रिकामी गाडी कडक उन्हात दिवसचे दिवस उभी ठेवणं.

पुनर्विक्रीत विजेच्या गाडीची किंमत सध्या जास्त वेगाने घसरते. याचं कारण बॅटरी खराब होणं एवढंच नाही. २०१० पासून बॅटरीच्या किमती जवळपास ९० टक्क्यांनी उतरल्या आहेत, त्यामुळे नवी गाडी दरवेळी जास्त रेंज घेऊन कमी किमतीत येते आणि जुनी तिच्यापुढे फिकी पडते. तीन वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर ही घसरण तुमच्या खिशातून जाते. दहा वर्षं वापरायची असेल तर तिचं फारसं वाटून घ्यायचं कारण नाही. वापरलेली गाडी शोधणाऱ्याला हाच फायदा. फक्त व्यवहार करण्याआधी अधिकृत केंद्रातून बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा, म्हणजे स्टेट ऑफ हेल्थचा, अहवाल मागा, आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का ते लेखी घ्या.

पायरी ७: लांबचा प्रवास कागदावर करून बघा

वहीचं शेवटचं पान उघडा आणि सगळ्यात जास्त वेळा केलेला लांबचा प्रवास निवडा.

जाहिरातीतली रेंज विसरा. ती प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीची असते. बॅटरीची वापरता येणारी युनिटं घ्या आणि महामार्गावरचा खप धरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ८० आणि ताशी ११० यांत रेंजचा फार मोठा फरक पडतो. टपावर सामान बांधलं तर आणखी. गोठवणाऱ्या थंडीत रेंज पाचव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत कमी होऊ शकते, कारण केबिन गरम करायलाही बॅटरीच खर्च होते. पेट्रोलच्या गाडीत ती ऊब इंजिनच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून फुकट मिळते.

उदाहरणार्थ, ५० युनिटची बॅटरी आणि महामार्गावर १०० किलोमीटरला १८ युनिट. पूर्ण बॅटरीवर २७७ किलोमीटर. पण आपण १५ टक्के राखून ठेवणार, म्हणजे पहिला टप्पा २३५ किलोमीटरचा. पुढे चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंतच भरणार, म्हणजे पुढचे टप्पे १८० किलोमीटरचे. ५०० किलोमीटरच्या प्रवासात दोनदा थांबावं लागेल: पहिल्यांदा पाऊण तास, दुसऱ्यांदा त्याहून कमी. तेवढ्या प्रवासात तुम्ही जेवायला आणि चहाला एरवीही दोनदा थांबत असाल तर तास-अर्ध्या तासाचाच फरक पडेल. एका दमात गाडी हाकत जाणाऱ्याला तो जाच वाटेल.

८० टक्क्यांवर थांबायचं कारण एकदा स्वतः बघा. मी पहिल्या लांबच्या प्रवासात ‘पूर्णच भरून घेऊ’ म्हणून बसले होते. चार्जरच्या पडद्यावर सुरुवातीला ४८ किलोवॉट दिसत होते. ८० टक्क्यांनंतर आकडा ३० वर आला, ९० नंतर १२ वर. शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ५० टक्क्यांइतकाच वेळ गेला, आणि मागे दोन गाड्या ताटकळत उभ्या होत्या. बॅटरी भरत आली की पेशींना जपण्यासाठी गाडी स्वतःच वेग कमी करते, चार्जर कितीही मोठा असला तरी. म्हणून गाडी निवडताना कमाल किलोवॉटचा आकडा विचारू नका, १० ते ८० टक्के किती मिनिटांत ते विचारा.

आता नकाशावर त्या रस्त्यावरचे चार्जर शोधा. प्रत्येक थांब्यासाठी एक मुख्य आणि एक राखीव चार्जर लिहा, आणि राखीव चार्जर १५ टक्क्यांत गाठता येईल इतका जवळ हवा. तिथे किती गन (गाडीत खुपसायची केबलची टोकं) आहेत, तुमच्या गाडीच्या सॉकेटला बसतात का, पैसे कोणत्या ॲपमधून द्यायचे, हे आधी बघा आणि ॲपमध्ये निघण्यापूर्वीच पैसे भरून ठेवा. सुट्ट्यांच्या गर्दीत रांग लागते, तेव्हा अर्धा तास जास्तीचा धरा. असा राखीव चार्जर कागदावर सापडत नसेल, तर तो प्रवास त्या गाडीने आज करू नये. तिथे पेट्रोलची गाडी सरस आहे, पाच मिनिटांत टाकी भरून पुढे निघता येतं, आणि हे मोकळेपणाने मान्य करावं.

पण सोयीचं पारडं एवढ्याने ठरत नाही. असे दिवस वर्षात किती? माझ्या पानावर अकरा निघाले. उरलेल्या साडेतीनशे दिवसांत सकाळी गाडी काढली की ती भरलेलीच असते आणि पंपाची वाट कधी धरावी लागत नाही. निघण्याआधी दहा मिनिटं फोनवरून केबिन गार करून ठेवता येते, तीही प्लगवरच्या विजेवर. गर्दीत क्लच दाबून पाय दुखत नाही. अकरा दिवसांचा त्रास आणि साडेतीनशे दिवसांचा आराम यांचं वजन प्रत्येकाने आपापलं करावं. ज्याचं काम महिन्यातून आठ वेळा पाचशे किलोमीटर जाण्याचं आहे, त्याचं पारडं सरळ दुसरीकडे झुकेल. घरात दोन गाड्या असतील तर एक विजेची आणि एक पेट्रोलची ही जोडी मला सगळ्यात समाधानकारक वाटते.

पायरी ८: तीन दिवस भाड्याने घ्या

शोरूमची वीस मिनिटांची चक्कर काहीच सांगत नाही. जी गाडी घ्यायची तीच, किंवा तिच्या जवळची, तीन दिवस भाड्याने घ्या. पहिले दोन दिवस नेहमीचं काम करा आणि रात्री तुमच्याच जागेवर, तुमच्याच प्लगवर चार्ज करा. मीटरचं रीडिंग लावताना आणि काढताना लिहून ठेवा. तिसऱ्या दिवशी सातव्या पायरीतला प्रवास निदान अर्धा तरी करा, घरातली सगळी माणसं आणि सामान घेऊन, एसी लावून, एक फास्ट चार्जिंग करून. पॅडल सोडताच गाडी स्वतःहून मंदावते. त्या धक्क्याने मागे बसणाऱ्या काहींना मळमळतं, म्हणून मुलांना आणि वडीलधाऱ्यांना कसं वाटलं ते विचारा, आणि वेग कमी करताना वीज परत घेण्याची (रीजनरेशनची) पातळी कमी ठेवून पुन्हा बघा.

गाडी परत देण्याआधी वहीत तीन आकडे हवेत: भिंतीतल्या एका युनिटमागे किती किलोमीटर झाले, फास्ट चार्जरवर किती मिनिटं आणि किती पैसे गेले, आणि रात्री चार्जिंग चालू असताना प्लग किती तापला होता. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतले माझे आकडे खोडा, त्या जागी हे घाला, आणि भागाकार पुन्हा करा.